दुकानाची वही ढगात, पण चावी कोणाकडे?

गेल्या वर्षी बकरी ईद होऊन पंधरा दिवसही झाले नसतील, अकोल्याहून फोन आला. आमच्या चुलतभावाचा इंतिकाल झाला होता. टिळक रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचे लहान मुलांच्या कपड्यांचे दुकान. माल घ्यायला ते दर आठवड्याला अमरावतीला यायचे, बिझिलँड-सिटीलँडच्या होलसेल मार्केटमध्ये फिरायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परतायचे. त्या दिवशी मूर्तिजापूरच्या अलीकडे छातीत कळ आली. लोकांनी दवाखान्यात नेले, पण उशीर झाला होता. त्या धावपळीत त्यांचा मोबाइल कुठे गेला, ते आजपर्यंत कळलेले नाही.

तेव्हा मोबाइलची आठवण कोणाला होणार? ती झाली दहा-बारा दिवसांनी. पुतण्याने दुकान उघडले आणि अमरावतीच्या व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले. कोणी अमुक इतके बाकी आहेत म्हणे, कोणी तमुक. आम्ही ताजियतीला गेलो होतो, तेव्हा त्याने आम्हाला बाजूला घेतले.

"चाचा, अब्बूंचा सगळा हिसाब मोबाइलमध्येच होता."

"कागदावर काहीच नाही?"

"नाही. अब्बू म्हणायचे, कागदाची वही फाटते, ढगातली फाटत नाही."

भाभींनी आतून एक वही आणून दिली. ती त्यांच्या भिशीची होती. कोणत्या महिन्यात कोणाचा नंबर लागला, कोणाचे पैसे यायचे आहेत, सगळे पेनाने लिहिलेले. घरात उघडता येईल असा हिसाब तेवढाच होता.

मय्यतीचे कर्ज फेडल्याशिवाय विरासतीची वाटणी होत नाही, हे आपल्याकडे घराघरांत माहीत असते. पण कर्ज किती आणि कोणाचे, हेच माहीत नसेल तर फेडायचे काय? भावाला 'क्लाउड' या शब्दाची मोठी हौस होती. त्यांची वही खरोखर सुरक्षित होती, एक अक्षरही पुसले गेले नव्हते. घरातल्यांना तिथपर्यंत पोहोचता येत नव्हते, एवढेच. म्हणून या महिन्यात आम्ही याच विषयावर लिहीत आहोत. क्लाउड म्हणजे काय, छोट्या कारोबाराला त्याचा फायदा किती, आणि त्यात हिसाब ठेवण्याआधी घरात कोणती तजवीज करावी, हे पाहू.

ढग नव्हे, दुसऱ्याचे गोदाम

क्लाउड म्हणजे ढग. पण आपली माहिती आकाशात वगैरे जात नाही. ती जाते एका मोठ्या इमारतीत. तिथे हजारो कॉम्प्युटर रांगेने लावलेले असतात. ते थंड ठेवायला रात्रंदिवस यंत्रे चालतात. वीज गेली तर जनरेटर, दारावर पहारा. या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे आपली केंद्रे सुरू केली, अमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत. म्हणजे अकोल्यातल्या दुकानाची वही बहुतेक वेळा मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या इमारतीत पडलेली असते.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. शेतकरी सोयाबीन किंवा तूर घरात साठवत नाही, वखार महामंडळाच्या गोदामात टाकतो. पावती घेतो, किराया देतो. छप्पर, फवारणी, राखण हे गोदामवाल्याचे काम. क्लाउडही तसेच. कॉम्प्युटर दुसऱ्याचा, जागा दुसऱ्याची, देखभाल दुसऱ्याची. आपण वापराप्रमाणे किराया देतो. विजेचेही तसेच आहे. बटण दाबले की दिवा लागतो. ती वीज पारसहून आली की कोराडीहून, हे आपण विचारत नाही. जेवढे युनिट जळले तेवढे बिल येते.

हा धंदा आजच्या रूपात सुरू झाला २००६ मध्ये. अमेझॉनने त्या वर्षी आधी साठवणुकीची जागा आणि नंतर कॉम्प्युटरची ताकद किरायाने देणे सुरू केले. सरकारही मागे राहिले नाही. केंद्राने २०१४ मध्ये 'मेघराज' नावाने सरकारी क्लाउड उभा केला. २०१५ मध्ये डिजिलॉकर आले. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने आपल्या खात्यांची माहिती खासगी कंपन्यांच्या क्लाउडवर ठेवण्याचे धोरण जाहीर केले. तेव्हा 'आम्ही क्लाउड वापरत नाही' असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याने जरा आठवून पाहावे. जीएसटीचे रिटर्न, ई-वे बिल, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, मुलीच्या निकाहचे फोटो, हे सगळे दूरच्या कुठल्यातरी यंत्रावरच असते.

रिकामी खोली, शिलाईखाना आणि रेडीमेड

क्लाउडचे तीन प्रकार सांगितले जातात. अमरावती रेडीमेड कपड्यांचे गाव, म्हणून तोच दाखला घेऊ.

पहिला प्रकार म्हणजे रिकामी खोली किरायाने घेणे. चार भिंती आणि वीज मिळते. मशीन, टेलर, कापड तुमचे. क्लाउडमध्ये याला इन्फ्रास्ट्रक्चर म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे मशीन लावलेला शिलाईखाना. तुम्ही फक्त कारागीर आणि कापड घेऊन जायचे. हा प्लॅटफॉर्म. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्यांना हे दोन उपयोगी पडतात. तिसरा प्रकार म्हणजे थेट रेडीमेड कपडा: घेतला आणि घातला. बिलिंगचे अ‍ॅप, उधारीचे अ‍ॅप, ईमेल, ऑनलाइन चालणारे हिसाबाचे सॉफ्टवेअर हे या तिसऱ्या प्रकारात येतात. दुकानदार, डॉक्टर, दाल मिलवाला किंवा घरी टिफिनचे काम करणारी एखादी आपा, यांचा संबंध बहुधा या रेडीमेडशीच येतो.

फायदा काय, तेही खरे खरे सांगितले पाहिजे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत कपड्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एका काउंटरचे तीन काउंटर करावे लागतात. ईद झाली की पुन्हा शुकशुकाट. स्वतःचे कॉम्प्युटर घ्यायचे तर तीन घ्यावे लागतील आणि दहा महिने दोन धूळ खात पडतील. क्लाउडवरच्या बिलिंगमध्ये महिनाभरासाठी दोन लॉगिन वाढवता येतात आणि नंतर कमी करता येतात. वाढवण्या-घटवण्याची ही सोय क्लाउडचा सर्वांत मोठा गुण आहे. मात्र वर्षाचे पैसे आगाऊ भरण्याची योजना घेतली तर ही सोय हातची जाते, हे लक्षात ठेवा.

दुसरा फायदा नुकसानीतला. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात एका रात्रीत धो धो पाऊस झाला, मोर्णेला पूर आला आणि सखल वस्त्यांमधल्या घरांत पाणी शिरले. पाण्यात बुडालेल्या कॉम्प्युटरमधला हिसाब परत मिळेलच असे नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की बंद दुकानात रात्रंदिवस चालू असलेला जुना कॉम्प्युटरही कधी मान टाकील सांगता येत नाही. अशा वेळी वहीची एक प्रत दूर कुठेतरी असणे ही मोठीच राहत असते.

खर्चाचा हिसाब मात्र घरी बसून करावा. समजा किराया महिन्याला ५०० रुपये. ऐकायला थोडा वाटतो. पण पाच वर्षांचे ३०,००० रुपये होतात, आणि तेवढे भरूनही मालकीची वस्तू हाती येत नाही. दुसऱ्या बाजूला स्वतःच्या कॉम्प्युटरची किंमत, इन्व्हर्टर, दुरुस्ती आणि बिघाडाचे दिवस मांडा. लहान आणि एकाच जागी चालणाऱ्या दुकानाला कधी कधी दुकानातला कॉम्प्युटर आणि क्लाउडवर फक्त त्याची प्रत, एवढेच पुरते. अकोला आणि अमरावती अशा दोन ठिकाणी दुकान असेल तर मात्र एकच हिसाब दोन्हीकडे दिसणे फार उपयोगी पडते.

दोरा तुटला तर

क्लाउडचे गोदाम कितीही मजबूत असले तरी तिथे जायचा रस्ता इंटरनेटचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात शहर अशांत झाले, संचारबंदी लागली आणि इंटरनेटही बंद करण्यात आले. त्या दिवसांत दवाईचे दुकान उघडायला परवानगी मिळाली तरी ज्याचा हिसाब फक्त ऑनलाइन होता, त्याला जुनी उधारी दिसेना आणि स्कॅनरवर पैसेही घेता येईनात. ज्यांच्या गल्ल्यात छापील बिलबुक होते त्यांचे काम चालले.

मेळघाटातल्या हरिसालची गोष्टही यासाठीच लक्षात ठेवावी. परतवाड्याहून धारणीकडे जाताना हे गाव लागते. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते डिजिटल गाव म्हणून पुढे आणले. दूरच्या डॉक्टरांकडून तपासणी, शाळेत डिजिटल शिक्षण, ऑनलाइन व्यवहार असा बेत होता. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी याच गावाची चित्रफीत सभांमध्ये दाखवून दावे आणि वस्तुस्थिती यांवर प्रश्न उभे केले, आणि हरिसाल राज्यभर चर्चेत आले. राजकारण बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. यंत्रे पुण्या-मुंबईत कितीही चांगली असोत, आपल्या गावात वीज आणि नेट टिकत नसेल तर ती आपल्यापुरती नसल्यासारखीच. म्हणून अ‍ॅप निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: नेट नसताना बिल बनते का, आणि नेट आल्यावर ते आपोआप वर जाते का?

गोदामही जळू शकते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरची पाच मजली इमारत आगीत खाक झाली. ज्यांनी आपली दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली होती, ते सावरले. ज्यांची प्रतही त्याच आवारात होती, त्यातल्या अनेकांची माहिती कायमची गेली. कंपनीकडे दिले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे होत नाही.

आणि गोदामाचे दार बंदही होऊ शकते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातमध्ये वाडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जी कंपनीवर निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले असूनही कर्मचाऱ्यांचे ईमेल बंद पडले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. नायराकडे मोठे वकील होते. आपल्या गल्लीतल्या दुकानदाराने अशा वेळी कोणाकडे जावे? त्याच्याजवळ स्वतःची एक प्रत असणे, हाच त्याचा वकील.

यासाठी जाणकार लोक ३-२-१ चा नियम सांगतात. हिसाबाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुकानाबाहेर. दुकानात एक, क्लाउडवर एक आणि महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर घेऊन घरच्या कपाटात एक. जीएसटी कायद्याप्रमाणे हिसाबाची कागदपत्रे वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, सांभाळावी लागतात. सहा वर्षांत अ‍ॅप बंद पडू शकते, कंपनी विकली जाऊ शकते. 'आम्हाला आमचा सगळा हिसाब एक्सेलमध्ये काढून मिळेल का?' हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. नाही म्हणाले तर दुसरे दुकान पाहा.

चावीची गोष्ट

आता पुन्हा अकोल्याला येऊ. भावाचे उधारीचे अ‍ॅप मोबाइल नंबरवर उघडायचे. नंबर टाकला की ओटीपी येणार. सिम मोबाइलसोबत गेलेले. डुप्लिकेट सिम काढायचे तर ज्याच्या नावावर नंबर आहे तो माणूस समोर हवा. ईमेलचा पासवर्ड फक्त त्यांनाच माहीत, आणि तो बदलायचा तर पुन्हा त्याच नंबरवर ओटीपी.

पुतण्याने दोन रस्ते धरले. कर सल्लागाराकडे जीएसटी पोर्टलचे लॉगिन होते. व्यापाऱ्यांनी भरलेली बिले तिथे दिसतात, म्हणून कोणाकडून किती माल आला हे कळले. किती पैसे चुकते झाले होते, हे मात्र पोर्टल सांगत नाही. ते बँकेच्या पासबुकावरून जुळवावे लागले. दुसरीकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद देऊन नंबर भाभींच्या नावावर करून घेतला. त्यात दीड महिना गेला. मग ओटीपी आला आणि वही उघडली.

त्या दीड महिन्यात काही गिऱ्हाईक स्वतःहून आले, 'भाईंचे इतके देणे होते' म्हणून पैसे ठेवून गेले. काही जण गल्ली बदलून जाऊ लागले. एका व्यापाऱ्याने सांगितलेला आकडा वहीतल्या आकड्यापेक्षा जास्त निघाला, एकाचा कमी. कमी सांगणाऱ्याला पुतण्याने वरचे पैसे नेऊन दिले. भाभी तेव्हा म्हणाल्या, "आता मला झोप लागेल." आम्हाला वाटते, वहीचे खरे काम हेच असते.

म्हणून दुकानाची वही ढगात ठेवणाऱ्या प्रत्येक वाचकाने एवढे करावे.

दुकानाचे खाते दुकानाच्या वेगळ्या ईमेलवर काढा. अनेकदा कॉम्प्युटर शिकलेला भाचा किंवा नोकरीवरचा मुलगा स्वतःच्या ईमेलवर खाते काढून देतो. उद्या तो नागपूरला नोकरीला गेला की खाते त्याच्यासोबत जाते.

घरातल्या आणखी एका भरवशाच्या माणसाला मालकाच्या दर्जाचे दुसरे लॉगिन द्या. बायको, मुलगी, मुलगा, कोणीही चालेल. बऱ्याच घरांत हिसाबाची पक्की बायको असते, पण पासवर्ड तिला सोडून सगळ्यांना माहीत असतो. नोकरांना मात्र बिल बनवण्यापुरतेच लॉगिन द्या, आणि काम सोडले त्याच दिवशी ते बंद करा.

गुगलच्या खात्यात २०१३ पासून 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. खाते ठरावीक महिने वापरले गेले नाही, तर आपण नेमलेल्या माणसांना आपण ठरवलेली माहिती मिळते. दहा जणांपर्यंत नावे देता येतात. अ‍ॅपलच्या फोनमध्ये अशाच कामासाठी 'लेगसी कॉन्टॅक्ट' नावाची सोय आहे. दहा मिनिटांचे काम आहे. दोन वर्षे न वापरलेले खाते गुगल पुसून टाकू शकते, हेही ध्यानात असू द्या.

अ‍ॅपची नावे, त्यांचे नंबर, ईमेल आणि कर सल्लागाराचे नाव एका कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पासवर्ड लिहायचा असेल तर बंद पाकिटात, कपाटाला कुलूप लावून. ओटीपी मात्र फोनवर कोणालाही सांगू नका, अगदी कंपनीचा माणूस म्हणवणाऱ्यालाही. आणि घरातला माणूस गेला तर त्याचा नंबर लगेच बंद होऊ देऊ नका. रिचार्जशिवाय पडून राहिलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो, आणि मग ओटीपीही त्यालाच जातात.

शेवटची गोष्ट गिऱ्हाइकांच्या माहितीची. उधारीच्या वहीत लोकांची नावे, नंबर, पत्ते, त्यांची तंगी, सगळे असते. मोहल्ल्यात कोण किती देणे लागतो, ही चारचौघांत उघडायची गोष्ट नाही. ती आपल्याकडे अमानत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही माहिती गोळा करणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. फुकट मिळणारे अ‍ॅप घेताना ते आपल्या गिऱ्हाइकांचे नंबर कशासाठी मागते, हे एकदा वाचून पाहा. समजत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.

अकोल्याचे दुकान आता पुतण्या चालवतो. हिसाब क्लाउडवरच आहे. भाभींच्या मोबाइलवरही तोच हिसाब उघडतो आणि दर जुम्याला नमाजनंतर पुतण्या आठवड्याची बाकी कागदावर छापून घरी देतो. भाभी तो कागद भिशीच्या वहीत ठेवतात.

हा अंक हाती पडेल त्या रात्री जेवण झाल्यावर घरच्यांना विचारून पाहा: उद्या आपण नसलो तर दुकानाची वही कोण उघडेल? उत्तर यायला वेळ लागला, तर तो कागद त्याच रात्री लिहायला घ्या.